धोंडाबाईचं मशिन आणि गेणबाचं नाक

धोंडाबाई,

तुला पत्र लिहायचं म्हणजे तसा वेडेपणाच. आपल्या दोघींच्या घरांमध्ये एक तारेचं कुंपण आणि एक शेवग्याचं झाड, एवढंच अंतर. हाक मारली की तू पिठाच्या हातानं येतेस. पण समोर बसलं की तू मला बोलू देत नाहीस. माझं वाक्य अर्ध्यात असतं आणि तू उठून म्हशीला वैरण टाकून येतेस. म्हणून लिहिते. तुला वाचता येतं हे मला ठाऊक आहे. चष्मा सापडत नाही ही सबब चालणार नाही, तो फ्रिजवर असतो.

झालं असं, की मी जिथं तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं त्या कॉलेजच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला. आपल्या भागातल्या एका माणसाबद्दल लिहा, म्हणाले. मी तुझं नाव कळवलं. संपादकीण बाईंचा फोन आला, "यांनी काय कार्य केलंय?" मी सांगितलं, "कॉफीचं मशिन निवडलं." तिनं पुन्हा विचारलं, "काय निवडलं?" तर तिला आणि वाचणाऱ्यांना कळावं म्हणून पुढचं सगळं लिहिलं आहे. तुझं कौतुक जास्त झालंय, ते निमूटपणे वाच. जिथं तू मूर्खपणा केलास तोही तसाच ठेवलाय. आणि अगदी शेवटी माझी एक गोष्ट आहे, जी तुला तोंडावर सांगायचा मला धीर झाला नाही. तिथवर वाच, मग म्हशीकडे जा.

चांदे गावात धोंडाबाईचं घर विचारत येणारी माणसं दोन प्रकारची. जुनी माणसं 'गेणबाचं घर' विचारतात, आणि हिंजवडीला कंपनीत जाणारी मुलंमुली 'खाचराजवळच्या खोल्या' विचारतात. घर एकच. खाली धोंडाबाई आणि गेणबा, वर भाड्याच्या पाच खोल्या, आणि घराच्या मागे बारा गुंठ्यांचं भाताचं खाचर. आजूबाजूला इमारती उठल्या, पण ते खाचर राहिलं, कारण त्यात गेणबाचा आंबेमोहोर होता.

मुळशीचा आंबेमोहोर काय असतो ते मुळशीतल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते. बुटका, बारीक दाण्याचा तांदूळ, शिजायला लागला की आंब्याच्या मोहोरासारखा वास सुटतो. पीक कमी, लाड फार. गेणबाचं बियाणं घरचं, त्याच्या आजापासून चालत आलेलं. फुलोऱ्याच्या दिवसांत तो सकाळी बांधावर उभा राहायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, "त्या कोपऱ्यात पानी कमी पडलंय." जाऊन बघावं तर खरंच पाणी कमी. धोंडाबाई म्हणायची, "देवानं आमच्या ह्यांना डोळं कमी दिलं आन नाक जास्ती."

मग ती मोठी साथ आली. दोघं आजारी पडली, दोघं उठली. गेणबाचं नाक काही उठलं नाही.

महिनाभरात येईल, सहा महिन्यांत येईल, असं सगळे म्हणत राहिले. एक वर्ष गेलं, दोन गेली. गेणबाचं जेवण अर्ध्यावर आलं. घास तोंडात घोळवत बसायचा आणि म्हणायचा, "भात हाय का भुसा, कळंना गं." शर्ट अंगावर लोंबायला लागले. एकदा गॅस चालू राहिला आणि तो शेजारी पेपर वाचत बसलेला. पण धोंडाबाईला सगळ्यांत जास्त लागलं ते वेगळंच. आजारातून उठल्यावरच्या पहिल्याच पेरणीच्या तोंडावर त्यानं जाहीर केलं होतं, "आंबेमव्हर लावायचा न्हाई. दुकानातनं दुसरं बी आना."

"का पर?"

"वास कळंना तर पीक बरं हाय का वाईट, मला कोन सांगनार? तुझ्या नाकानं शेती करू व्हय?"

धोंडाबाई भांडली नाही. तिनं खाचराच्या कोपऱ्यात दोन गुंठे मागून घेतले आणि तिथं स्वतः आंबेमोहोर लावला, बियाणं जिवंत राहावं म्हणून. दोन वर्षं असं चाललं. तिसऱ्या वर्षी कापणीच्या वेळेला पावसानं ते दोन गुंठे आडवे केले आणि लोंब्यांनाच कोंब फुटले. हाती राहिलं ते आदल्या वर्षीचं बियाणं, एक गाडगं, राख आणि कडुनिंबाचा पाला घालून तोंड बांधून ठेवलेलं. ते येत्या पावसाळ्यात पेरलं तर उगवेल. आणखी वर्ष गेलं तर कोंबड्यांना घालायच्या लायकीचं. आणि या वेळी कोपऱ्यातले दोन गुंठे पुरणार नव्हते. जुनं बी निम्मंअर्धं मरतं, म्हणजे सगळंच पेरायला हवं, आणि ते गेणबाच्या मनात आल्याशिवाय व्हायचं नाही.

डॉक्टरांनी उपाय सांगितला होता. लवंग, लिंबू, निलगिरी, गुलाब अशा चार बाटल्या, रोज दोनदा हुंगायच्या. गेणबानं चार दिवस हुंगल्या. पाचव्या दिवशी बाटल्या खिडकीत गेल्या. "चार कामं टाकून बाटल्या हुंगत बसाया मी काय येडा हाय?"

हे असं असताना दिवाळीनंतर एका सकाळी वरच्या खोलीतला नळ गळायला लागला. त्या खोलीत क्षितिजा राहत होती, लातूरकडची मुलगी, कंपनीत कामाला. तिच्या ओट्यावर एक कॉफीचं मशिन होतं, एस्प्रेसोचं. दांडीच्या छोट्याशा गाळणीत कॉफी दाबून भरायची, मशिनला अडकवायची, की गरम पाणी जोरानं त्यातून येतं आणि खाली घोटभर काळी कॉफी पडते. गेणबा वायसर बदलायला ओट्याखाली बसला होता. क्षितिजा त्याच्या डोक्याशी उभी राहून हातचक्कीवर कॉफीच्या बिया दळत होती. धोंडाबाई जुना वायसर न्यायला जिन्यात आलेली.

ओट्याखालून गेणबाचा आवाज आला, "कायतरी करपतंय का ओ?"

"नाही काका, कॉफी दळतेय."

"आसंल," गेणबा म्हणाला आणि नळ पिळत राहिला. तो काय बोलून गेला हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. जिन्यातल्या बाईच्या मात्र आलं. तीन वर्षांनी या माणसाला कशाचा तरी वास आला होता. ती तिथंच पायरीवर बसली. मग उठली, आत गेली, आणि क्षितिजाला म्हणाली, "पोरी, ते परत फिरीव बरं जरा." क्षितिजानं फिरवलं. गेणबाला या वेळी काही आलं नाही, किंवा आलं असेल तर बोलला नाही.

पुढच्याच महिन्यात क्षितिजानं बावधनला स्वतःचा फ्लॅट घेतला आणि ती गेली. मशिनही गेलं. जाताना तिनं धोंडाबाईला मूठभर बिया दिल्या.

इथं पहिला मूर्खपणा. आपल्याकडे काहीही दळायचं तर आधी भाजायचं, आणि बारीक करायचं तर मिरची कांडपावर न्यायचं. धोंडाबाईनं त्या भाजलेल्या बिया परत तव्यावर भाजल्या, जरासं तेल टाकून. मग शेजारच्या नांदे गावच्या कांडपावर नेल्या. तिथं सकाळपासून लाल मिरची चाललेली. त्या पुडीला गूळ घालून उकळून तिनं गेणबाला दिलं. गेणबाला वास आला नाही, पण ठसका असा लागला की शेजारून मी धावले.

"काय पाजलंस त्याला?"

"कापी," ती म्हणाली. आणि मग, त्याच श्वासात, "बाई, मला ते मशिन घ्यायचंय."

मी स्पष्ट बोलते, तेव्हाही बोलले. तुमच्या घरात कॉफी कोण पितं? कोणी नाही. मग? ह्यांच्या नाकासाठी. मी तिला नाकातल्या मज्जातंतूंबद्दल दहा मिनिटं सांगितलं. एकदा आलेला वास म्हणजे भास असू शकतो, आणि स्वयंपाकघरातल्या यंत्रानं नाक परत येत नसतं, असंही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी कालेजात रसायन शिकवलं का नाक?"

त्यानंतर आठ दिवस मी तिला फोनवरून मशिनांची माहिती वाचून दाखवत होते. इंग्रजीतून वाचायचं, मराठीतून सांगायचं, आणि तिचे प्रश्न ऐकायचे. माहिती लिहिणारे लोक चवीबद्दल बोलत होते. चॉकलेटची चव, संत्र्याची चव, फेस किती मिनिटं टिकतो. धोंडाबाईला चवीशी देणंघेणं नव्हतं. तिचा प्रश्न एकच, वास कुठून सुटतो? आणि त्याच्या मागोमाग दुसरा, बिघडलं तर उघडायचं कुणी? आमच्या इकडे वीज कधी मंद कधी तेज, तीन महिन्यांत एक मोटर जळतेच. त्या मोटरींत नवी तार भरून देणारा कुशाबा नांद्याच्या रस्त्याला बसतो. ती त्याला जाऊन विचारून आली. तो म्हणाला, "वैनी, स्क्रू दिसला तर मी उघडीन. स्क्रू न दिसनारी वस्तू घेऊ नका." झालं, मी वाचून दाखवलेल्या मशिनांपैकी निम्मी तिनं तिथंच बाद केली. फोटोत बोट ठेवायची, "ह्याला स्क्रू कुटंय?"

बावधनला एक दुकान आहे, तिथं नुसती मशिनंच. संक्रांतीनंतर आम्ही तिघं गेलो. गेणबाला सांगितलं होतं की पंपाचं बघायला जायचंय. दुकानात ओम नावाचा मुलगा होता, गळ्यात पट्टा, तोंडात गोड बोलणं.

"घरी किती मेंबर, आई?"

"दोन."

"मग तुमच्यासाठी कॅप्सूलवालं बेस्ट. ही डबी टाकायची, बटण दाबायचं, झालं. काही दळायचं नाही, काही सांडायचं नाही."

धोंडाबाईनं डबी हातात घेतली, नाकाशी नेली, उलटी करून पुन्हा नेली. "वास तर आत कोंडलाय की रं. भाईर कवा येनार?"

"वास नाही आई, कॉफी येते."

"ठेव ती तिकडं."

मग त्यानं पंधरा बारचं मशिन दाखवलं. बार म्हणजे पाण्याचा जोर. पंधरा म्हणजे एकदम पॉवरफुल, म्हणाला. मग त्याहून महागाचं दाखवलं, त्यावर लिहिलं होतं नऊ बार. धोंडाबाईनं दोन्ही पाट्यांवर बोट ठेवलं. "पंधरा चांगलं म्हनालास ना? मग म्हागाचं नऊचं कसं?"

ओम खाली बघून म्हणाला, "खरं सांगू का, लागतात नऊच. पंधरा लिहिलं की लोक घेतात."

"मग आदीच खरं सांगावं," ती म्हणाली. तिथून पुढे तो पोरगा तिला खरं सांगत गेला, आणि मला वाटतं त्यालाही बरं वाटलं असावं.

आता तिनं जे केलं ते मला सुचलं नसतं. तिनं गेणबाला एका स्टुलावर बसवलं, मशिनांकडे पाठ, तोंड रस्त्याकडे. "अवं, हितंच बसा. वास आला की नुसता हात वर करा. बोलायचं न्हाई."

"पंप बघाया आलोय का शाळेत?"

"बसा म्हनलं ना."

ओमला वाटलं गंमत चाललीय. त्यानं एकेका मशिनवर कॉफी काढली. पहिली, दुसरी, तिसरी. दुकानभर घमघमाट, माझं डोकं दुखायला लागलं, आणि गेणबाचा हात मांडीवरच. चौथी काढली, पाचवी काढली. दोन तास झाले. मी धोंडाबाईला म्हटलं, "झालं ना समाधान? चल आता." मला धीर कमी, हे माझ्या विद्यार्थिनी सांगतील. ती माझ्याकडे बघायलाही तयार नव्हती. तिचं लक्ष ओमच्या हातांवर. ती म्हणाली, "तू दळतोस कशात?"

त्यानं विजेची चक्की दाखवली. बिया टाकल्या, वीस सेकंद घरघर, पूड तयार.

"त्ये न्हाई. हातानं फिरवायचं असतंय बघ, त्या पोरीकडं व्हतं तसलं."

हातचक्की कपाटाच्या तळाशी होती. लोखंडी नळकांडं, वर दांडा. ओम म्हणाला, "हिला तीन मिनिटं लागतात आई, हात भरून येतात. कुणी घेत नाही." धोंडाबाईनं ती भरली, गेणबाच्या पुढ्यात नेऊन गुडघ्यांत दिली आणि म्हणाली, "फिरवा."

गेणबानं फिरवली. एक मिनिट, दीड मिनिट. मान खाली, नाक बरोबर चक्कीच्या तोंडावर. आणि मग न थांबवता त्यानं डावा हात वर केला, वर्गात पोरं करतात तसा, अर्धाच.

"कसला?" तिनं विचारलं.

"म्हाईत न्हाई. कायतरी हाय. गेला आता."

धोंडाबाईनं ती चक्की घेतली. आणि मशिन घेतलं ते दुकानातलं सगळ्यांत साधं, नऊ बारवालं, पडदा नाही, दिवे नाहीत, पाठीमागे चार स्क्रू ठळक. ओमनं विजेची चक्की अर्ध्या किमतीत देऊ केली. ती म्हणाली, "वीस सेकंदात दळून काय करू? त्यांचं नाक तीन मिन्टं तितं राहाया पायजे." चार तास लागले एकूण. पैसे तिनं स्वतःच्या साठवणीतले दिले, त्याबद्दल एक शब्द कुणाला ऐकवला नाही.

आता दुसरा मूर्खपणा, आणि हा मोठा. घरात नवी वस्तू आली की आपण तिचं काय करतो? धोंडाबाईनं तेच केलं. मशिन पुढच्या खोलीतल्या शोकेसवर, टीव्हीच्या शेजारी. हळदकुंकू, नारळ, विणलेला रुमाल. आणि रोज सकाळी मशिन चालू करायच्या आधी त्याला दोन उदबत्त्या. रोज. गेणबा शोकेससमोर बसून दळायचा, ती कॉफी काढायची, म्हशीचं दूध आणि गूळ घालून दोघं प्यायची. गेणबाला कॉफी बरी वाटायला लागली होती, तेवढंच. वास नाही. चार आठवडे झाले, सहा झाले. मी दोन-तीनदा त्या खोलीत बसून ती कॉफी प्यायले, उदबत्तीच्या धुरात डोळे चोळत, आणि मनात म्हटलं, सांगितलं होतं हिला.

चैत्रात त्यांच्या भावकीतले हैबतराव गेले. नव्वदी उलटलेला म्हातारा, कुणाला धक्का नव्हता, पण सुतक ते सुतक. दहा दिवस देवाला दिवा नाही, उदबत्ती नाही, स्वयंपाकात फोडणी नाही. कॉफीला मात्र कुणी बंदी घातलेली नव्हती. गेणबाला तोवर सकाळी दळायची सवय झाली होती.

चौथ्या दिवशी तो चक्की घेऊन बसला. धोंडाबाई मशिनमध्ये पाणी भरत होती. तो म्हणाला, "अगं, ह्ये दुसऱ्या पिशवीतलं का? जरा जास्त करपिवलंय."

कॉफीची नवी पिशवी आदल्या संध्याकाळीच फोडलेली होती, आणि ती गेणबाला न सांगता.

"कशावरनं?" तिनं पाठमोरंच विचारलं.

"वासावरनं. आनि कशावरनं?"

चक्की आणखी दोन वेढे फिरली आणि थांबली. धोंडाबाई वळली नाही. पाणी भांड्याबाहेर सांडत होतं, तिनं सांडू दिलं. मग मागून पुन्हा चक्कीचा आवाज सुरू झाला, हळू.

तिनं हे कुणाला सांगितलं नाही. सुतकात चांगली बातमी सांगायची नाही, असं तिनं ठरवलं. अकराव्या दिवशी अंघोळ करून ती कुंपणापाशी आली आणि म्हणाली, "बाई, उदबत्ती नडली."

मला उलगडायला क्षणही लागला नाही, आणि म्हणूनच माझा मला राग आला. जे थोडंसं नाक शिल्लक होतं ते रोज सकाळी दोन उदबत्त्यांनी थकवून ठेवायचं, आणि मग त्याच्यापुढे कॉफी धरायची. रसायन शिकवलेली बाई त्या धुरात बसून कॉफी पिऊन आली आणि तिला सुचलं नाही. धोंडाबाईला सुचलं, कारण सुतकात काय बंद होतं याची तिनं बोटांवर उजळणी केली होती.

मशिन शोकेसवरून खाली आलं, ओसरीत, मोकळ्या हवेत. देवाला तिनं सांगून टाकलं की तुमची उदबत्ती आता संध्याकाळी, आणि तीही आतल्या खोलीत.

तरी मी चिमटा काढलाच. "मग नुसती ती हातचक्की घेऊन भागलं असतं की गं. एवढं मशिन कशाला घेतलंस?"

ती माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मीच नववीत नापास झालेय. "आन दळलेलं काय उकिरड्यावर टाकायचं? चार बाटल्या दिल्यावत्या डाक्टरनी, त्या का सोडल्या त्यांनी? हुंगायचं आन ठेवायचं. त्याचं पुढं काय व्हतच न्हाई. आमच्या ह्यांना काम लागतंय बाई, आवशीद न्हाई. आता मशिन तापलेलं असतंय, मी वाट बघतीय, मग ते दळत्यात."

मी तीस वर्षं प्रयोगशाळा चालवली. त्यात एवढं शहाणं वाक्य मी ऐकलेलं नाही.

गेणबाचं नाक तुकड्यातुकड्यांनी यायला लागलं. आधी रॉकेल, मग मेथी, मग म्हशीचा गोठा, ज्याबद्दल तो म्हणाला की हे आलं नसतं तरी चाललं असतं. पण आंबेमोहोराचं नाव त्यानं काढलं नाही. वैशाख अर्धा सरला. आजूबाजूचे लोक रोपाच्या वाफ्यांवर पालापाचोळा जाळून राब भाजायला लागले. गाडगं कोपऱ्यात तोंड बांधून तसंच. विचारलं की तो नाही म्हणणार, हे तिला लग्नापासून ठाऊक. आणि एकदा नाही म्हणाला की संपलं.

तिच्याकडे खायचा जुना आंबेमोहोर दोन मुठी उरला होता. एकदाच शिजवता येईल एवढा. तो कधी शिजवायचा यावर तिनं पंधरा दिवस काढले. लवकर शिजवला आणि नाकाला पोचला नाही, तर गेणबा म्हणणार, बघ, न्हाई येत. उशीर केला तर पेरणी टळणार. शेवटी तिनं जी वेळ निवडली ती कॉफीचीच. का, ते मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "त्या वक्ताला त्यांचं नाक जागं आसतंय."

सकाळी गेणबा ओसरीत दळत बसला. आत गॅसवर छोटं पातेलं. तिनं बाहेर येऊन कॉफी काढली, त्याला दिली, स्वतः घेतली. आत जाऊन झाकण काढून ठेवलं आणि पुन्हा येऊन बसली. तिनं कप तोंडाला लावला पण प्यायली नाही.

गेणबानं दोन घोट घेतले. तिसऱ्याला थांबला.

"भात कुनाचा शिजतोय?"

"आपलाच."

"आपल्यात कुटला आंबेमव्हर?"

"व्हता मूठभर."

त्यानं कॉफी संपवली. चक्कीचं झाकण उघडून आतली पूड ब्रशानं झाडली, रोजच्यासारखी. दांडा पुसला. चक्की फळीवर ठेवली. मग म्हणाला, "बियाचं गाडगं काढ. ऊन दावाया पायजे."

शंभर दाणे ओल्या फडक्यात बांधून बघितले, एकसष्ट उगवले. गेणबानं दाट पेरलं. बारा गुंठ्यांत सगळा आंबेमोहोर लागला, कोपऱ्यातले दोन गुंठेही त्यात विरून गेले. दसऱ्याच्या सुमाराला फुलोरा आला तेव्हा गेणबानं मला बांधावर बोलावलं. मी विचारलं, "येतोय का?" तो डोळे मिटून उभा होता. "पैल्यावानी न्हाई," म्हणाला. "पर येतोय." धोंडाबाई मागे विळा घेऊन गवत काढत होती. तिनं वर बघितलं नाही. गवत मात्र एकाच जागचं काढत होती.

इथवर त्या अंकाला पुरे आहे, धोंडाबाई. पुढचं फक्त तुझ्यासाठी.

कापणीनंतर नव्या तांदळाची पहिली पायली तू कापडी पिशवीत बांधून माझ्याकडे आणलीस. म्हणालीस, "बाई, तुमी ब्यांकेत बावधनला जाता. ह्ये क्षितिजाला द्या. तिनं त्या दिवशी दळलं नसतं तर आमाला कळलं नसतं." मी दुसऱ्याच आठवड्यात गेले. तिच्या इमारतीच्या फाटकावर गार्डानं नाव विचारलं, नंबर विचारला, फोटो काढला, आणि मॅडम फोन उचलत नाहीत म्हणून बाजूला उभं राहायला सांगितलं. तू त्या दुकानात चार तास उभी होतीस. मी सात मिनिटं उभी राहिले, चिडले आणि रिक्षा करून परत आले. तू विचारलंस, "दिला का?" मी म्हटलं, "घरी नव्हती, गार्डाकडे ठेवलाय." दिलेल्या वस्तूची पुन्हा चौकशी करायची नाही ही तुझी रीत. मी तिचा फायदा घेतला.

पुन्हा जाईन म्हणता म्हणता पौष संपला. गेल्या आठवड्यात क्षितिजाला फोन लावला, तर ती कंपनीच्या कामानं दोन वर्षांसाठी परदेशी गेलेली, फ्लॅट भाड्यानं दिलेला. पिशवी माझ्या लोखंडी कपाटात आहे, खालच्या कप्प्यात. कपाट उघडलं की सगळ्या साड्यांना आंबेमोहोराचा वास येतो. तू मारलेली गाठ मी सोडलेली नाही.